आई-वडिलांच्या पश्चात कर्जाचा तगादा : वारसांची जबाबदारी कोठवर?

घरातील कर्त्या व्यक्तीच्या निधनानंतर दिवसकार्य आटोपण्यापूर्वीच अनेक घरांत दूरध्वनी खणखणू लागतो. बोलणाऱ्याला सांत्वन करायचे नसते. 'तुमच्या वडिलांच्या नावावर एवढी थकबाकी आहे, ती केव्हा भरणार', एवढेच त्याला विचारायचे असते. अशा वेळी घरच्यांच्या मनात भीती आणि लाज या दोन्ही भावना एकदम दाटून येतात. वडिलांच्या नावाला बट्टा लागू नये म्हणून मुलगा किंवा मुलगी हाताशी असेल ती रक्कम भरून टाकते, अथवा समोर आलेल्या कागदावर सही करून मोकळी होते.

कायद्याची भूमिका मात्र वेगळी आहे. मृत व्यक्तीचे कर्ज तिने मागे ठेवलेल्या मालमत्तेतून फेडायचे असते. वारसाच्या स्वतःच्या कमाईवर त्याचा भार पडत नाही. या नियमाला काही महत्त्वाचे अपवाद आहेत, आणि त्यांतील काही अपवाद वारस अजाणतेपणी स्वतःच्याच सहीने ओढवून घेतो. म्हणूनच घरात दुःखाचे वातावरण असतानाही हा विषय नीट समजून घेणे आवश्यक ठरते.

जुनी समजूत कोठून आली?

'बापाचे कर्ज मुलाने फेडलेच पाहिजे' ही समजूत निराधार नाही. पित्याचे ऋण फेडणे हे पुत्राचे धार्मिक कर्तव्य आहे, असे हिंदू धर्मशास्त्राने मानले होते. ब्रिटिश काळातील न्यायालयांनीही हे तत्त्व स्वीकारले. मुंबई इलाख्यात तर एके काळी वडिलांकडून काहीही मिळाले नसले तरी मुलाला त्यांचे कर्ज फेडावे लागे. १८६६ मध्ये इलाख्यासाठी हिंदू वारसांना दिलासा देणारा स्वतंत्र कायदा करण्यात आला आणि वारसाची जबाबदारी त्याला मिळालेल्या मालमत्तेपुरती मर्यादित झाली. जुगार किंवा व्यसन यांसारख्या अनैतिक कारणांसाठी काढलेल्या कर्जाचे ओझे मुलावर येत नाही, हे तर धर्मशास्त्रालाही मान्य होते.

एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेबाबत मात्र पुत्राच्या या धार्मिक कर्तव्याचा आधार सावकारांना पुढेही मिळत राहिला. हिंदू वारसा कायद्यातील दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ रोजी अमलात आली. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत समान हक्क देणारी दुरुस्ती म्हणून ती सर्वांना ठाऊक आहे. त्याच दुरुस्तीने आणखी एक गोष्ट केली. त्या तारखेनंतर घेतलेल्या कर्जासाठी केवळ 'पुत्राचे धार्मिक कर्तव्य' या आधारावर मुलगा, नातू किंवा पणतू यांच्याविरुद्ध वसुलीचा हक्क न्यायालयाने मान्य करू नये, असे कायद्यात स्पष्टपणे नमूद झाले. अर्थात वडिलांचा स्वतःचा जो हिस्सा वारसांकडे येतो, तो त्यांच्या कर्जासाठी जबाबदार राहतोच.

मालमत्तेपुरतीच जबाबदारी

१९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील कलम ५० व ५२ या विषयात महत्त्वाची आहेत. मृत व्यक्तीच्या कर्जासाठी वारसाविरुद्ध हुकूमनामा झाला, तरी त्याची वसुली मृताच्या मालमत्तेचा जो भाग वारसाच्या हाती आला असेल तेवढ्यापुरतीच होऊ शकते.

एक उदाहरण पाहू. समजा, वडिलांच्या नावावर ६ लाख रुपयांचे विनातारण वैयक्तिक कर्ज आणि क्रेडिट कार्डाचे १ लाख रुपये थकले आहेत. मागे बँकेतील २ लाखांची ठेव आणि ४० हजार रुपये किमतीची दुचाकी एवढेच आहे. धनकोंचा हक्क या २ लाख ४० हजार रुपयांवरच पोहोचतो, आणि त्यातूनही अंत्यविधीचा वाजवी खर्च आधी भागवला जातो. उरलेली थकबाकी मुलाच्या पगारातून किंवा मुलीच्या बचतीतून मागता येत नाही. याच वडिलांच्या नावावर ३० लाखांचे घर असते, तर चित्र बदलले असते. घर गहाण नसले तरी धनको दावा दाखल करून, हुकूमनामा मिळवून त्या घरापर्यंत पोहोचू शकला असता. त्यामुळे 'विनातारण कर्ज आहे, काही होत नाही' हा सल्लाही तितकाच धोकादायक आहे.

ठेवीवर आईचे नामनिर्देशन असले की ती रक्कम कर्जापासून सुरक्षित झाली, असाही समज आढळतो. बँक ठेवीचा नामनिर्देशित हा वारसांच्या वतीने रक्कम स्वीकारणारा विश्वस्त असतो. पैसा त्याच्या हाती आला तरी तो मृताच्या मालमत्तेचाच भाग राहतो.

मुस्लिम व्यक्तिगत कायद्याचे तत्त्वही याहून फार वेगळे नाही. मृताच्या मालमत्तेतून प्रथम अंत्यविधीचा खर्च, मग कर्ज, त्यानंतर मृत्युपत्रातील देणगी आणि शेवटी वारसांचे हिस्से असा क्रम असतो. प्रत्येक वारसाची जबाबदारी त्याला मिळालेल्या हिश्श्याच्या प्रमाणात असते. मृत्युपत्र केलेले असले तरी देणी आधी आणि देणग्या नंतर, हा क्रम १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यातही आहे.

जबाबदारी स्वतःवर केव्हा येते?

पहिला प्रसंग सहकर्जदाराचा. गृहकर्ज किंवा शैक्षणिक कर्ज घेताना आई-वडील आणि मुले यांच्या एकत्रित सह्या घेतल्या जातात. अशी सही असेल, तर एकाच्या मृत्यूनंतर दुसऱ्याची पूर्ण जबाबदारी कायम राहते. येथे वारसाहक्काचा प्रश्नच येत नाही, कारण ते कर्ज मुळातच दोघांचे असते.

दुसरा प्रसंग जामीनदाराचा. १८७२ च्या करार कायद्यातील कलम १२८ नुसार जामीनदाराची जबाबदारी, करारात वेगळे ठरले नसेल तर, मूळ कर्जदाराइतकीच असते. त्यामुळे 'मी केवळ साक्षीदार म्हणून सही केली होती' असे म्हणण्यापूर्वी मूळ कागद पाहणे आवश्यक आहे.

तिसरा प्रसंग तारणाचा. गहाण घर, तारण ठेवलेले दागिने किंवा कर्जावर घेतलेले वाहन यांवरील बोजा कर्जदाराच्या मृत्यूने नाहीसा होत नाही. वारसांपुढे अशा वेळी तीन मार्ग असतात : हप्ते पुढे चालू ठेवणे, एकरकमी तडजोड करणे किंवा तारण विकून कर्ज फेडणे. बँकेच्या संमतीने वारसांनी स्वतः घर विकल्यास लिलावापेक्षा चांगली किंमत येण्याची शक्यता असते. विक्रीतून कर्ज फिटून उरलेली रक्कम वारसांची असते. घर जप्त करायचे झाल्यास २००२ च्या सिक्युरिटायझेशन कायद्यानुसार बँकेला आधी ६० दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. नोटिशीवर आक्षेप घेतल्यास बँकेने १५ दिवसांत कारणांसह उत्तर देणे बंधनकारक आहे. त्यानंतर ताबा घेण्याची कारवाई झालीच, तर ४५ दिवसांच्या आत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते.

चौथा प्रसंग मालमत्तेच्या विल्हेवाटीचा. वडिलांची ठेव मोडून भावंडांनी वाटून घेतली, दुचाकी विकली आणि हिशेब ठेवला नाही, तर त्या रकमेचा विनियोग योग्य रीतीने झाला हे वारसाला न्यायालयात सिद्ध करावे लागते. ते न जमल्यास तेवढ्या रकमेपुरती वसुली त्याच्या स्वतःच्या मालमत्तेतून होऊ शकते. म्हणून देणी किती आहेत हे कळेपर्यंत वाटणी करू नये आणि अंत्यविधी, रुग्णालय, कर अशा प्रत्येक खर्चाची पावती जपून ठेवावी.

पाचवा आणि सर्वांत सहज घडणारा प्रसंग सहीचा. वसुली प्रतिनिधी 'फक्त माहितीसाठी' म्हणून एखादा अर्ज पुढे करतो. 'मी सदर रक्कम हप्त्यांनी फेडीन' असे त्यात लिहिलेले असते. बँकेने कारवाई थांबवावी या मोबदल्यात वारसाने असे वचन दिले, तर आजवर नसलेली वैयक्तिक जबाबदारी निर्माण होऊ शकते. आपल्या बँक खात्याचा धनादेश देणे किंवा स्वयंचलित हप्त्यासाठी संमती देणे हेही याच प्रकारात मोडते.

पहिल्या काही आठवड्यांत काय करावे?

सर्वप्रथम मृत्यूच्या दाखल्याच्या पुरेशा प्रती घ्याव्यात. वडिलांची बँक खाती, कर्जे, कार्डे, विमा पॉलिसी आणि ठेवी यांची यादी करावी. प्रत्येक धनकोला निधनाची माहिती लेखी कळवून पोच घ्यावी. त्याच पत्रात कर्जकराराची प्रत, खातेउतारा, मृत्यूच्या दिवशी असलेली थकबाकी आणि कर्जाशी संलग्न विम्याचा तपशील मागावा. हे कर्ज दुसऱ्या कंपनीला विकले असल्याचा दावा कोणी केला, तर हस्तांतराचा कागद मागावा. कागद हाती येईपर्यंत कोणालाही पैसे देऊ नयेत.

विम्याचा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. गृहकर्ज, वाहनकर्ज आणि वैयक्तिक कर्ज देताना अनेकदा कर्जरकमेचा विमा उतरवलेला असतो. त्याचा हप्ता कर्जातूनच वळता केलेला असतो आणि घरच्यांना त्याची कल्पनाही नसते. वडिलांच्या खातेउताऱ्यात वर्षातून एकदा ४३६ रुपये आणि २० रुपये कापले गेल्याच्या नोंदी आहेत का, हेही पाहावे. पहिली नोंद प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेची आणि दुसरी सुरक्षा विमा योजनेची असते. पहिल्या योजनेत कोणत्याही कारणाने मृत्यू झाल्यास आणि दुसऱ्या योजनेत अपघाती मृत्यू झाल्यास २ लाख रुपये मिळतात.

काही गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. निधनानंतर वडिलांचे एटीएम कार्ड वापरून पैसे काढू नयेत. त्यांच्या क्रेडिट कार्डाला जोडलेले पुरवणी कार्ड वापरू नये. मृत्यूनंतर केलेली खरेदी ही वडिलांची नव्हे, तर वापरणाऱ्याची ठरते.

सर्वच पैसा धनकोंचा नसतो

कर्मचारी भविष्य निर्वाह निधीला १९५२ च्या कायद्यापासून विशेष संरक्षण लाभलेले आहे. सदस्याच्या मृत्यूनंतर ही रक्कम त्याच्या देण्यांपासून मुक्त अशा स्वरूपात नामनिर्देशिताकडे जाते. वडिलांनी १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेसंबंधीच्या कायद्याखाली पत्नी व मुलांच्या लाभासाठी आयुर्विमा पॉलिसी घेतली असेल, तर तिची रक्कमही त्यांच्या धनकोंना सामान्यतः मागता येत नाही. घरातील आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे आणि धार्मिक रूढीनुसार स्त्रीला अंगावरून उतरवता येत नाहीत असे दागिने हुकूमनाम्यानंतरही जप्त होत नाहीत. 'आईचे मंगळसूत्र विकावे लागेल' असे धमकावणाऱ्याला कायद्याचा आधार नाही.

मुलांना तुरुंगाची भीतीही अकारण घातली जाते. वडिलांनी दिलेला धनादेश वटला नाही, तरी त्याबद्दलचे फौजदारी उत्तरदायित्व वारसांकडे येत नाही. त्या रकमेचा दिवाणी दावा होऊ शकतो आणि तोही मालमत्तेपुरताच.

वसुली प्रतिनिधींवरील बंधने

थकबाकी वसूल करण्याचा बँकेचा हक्क कोणी नाकारत नाही. मात्र त्यासाठी गुंडगिरीचा वापर खपवून घेतला जाणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये एका वाहनकर्जाच्या प्रकरणात बजावले होते. पुढच्याच वर्षी, एप्रिल २००८ मध्ये, रिझर्व्ह बँकेने वसुली प्रतिनिधींसाठी सविस्तर मार्गदर्शक सूचना जारी केल्या. प्रतिनिधीजवळ ओळखपत्र आणि बँकेचे अधिकारपत्र असले पाहिजे, त्याची नेमणूक बँकेने ऋणकोला कळवली पाहिजे आणि त्याने प्रशिक्षण घेतलेले असले पाहिजे, ही तत्त्वे तेव्हापासून लागू आहेत.

ऑगस्ट २०२२ मध्ये या नियमांना अधिक धार आली. सकाळी ८ पूर्वी आणि सायंकाळी ७ नंतर वसुलीसाठी दूरध्वनी करणे, वारंवार किंवा निनावी फोन करणे, धमकावणे, खोटी माहिती देणे, समाजमाध्यमांवर अनुचित संदेश पाठवणे आणि कुटुंबीय, मित्र वा ओळखीच्या व्यक्तींना अपमानित करणे यांना मनाई करण्यात आली. मायक्रोफायनान्स कर्जांसाठी त्याच वर्षी ठरलेली वेळ सकाळी ९ ते सायंकाळी ६ अशी आहे. घरात मृत्यू झालेला असताना वसुलीसाठी भेट देणे टाळावे, असे भारतीय बँक संघटनेच्या आदर्श वसुली धोरणात नमूद असून अनेक बँकांच्या स्वतःच्या धोरणांतही हे कलम आढळते. बँकेच्या संकेतस्थळावरून ते धोरण मिळवून पत्रात त्याचा उल्लेख केल्यास चांगला उपयोग होतो.

प्रतिनिधी दारात आलाच तर शांतपणे त्याचे नाव, संस्था आणि ओळखपत्राचा क्रमांक लिहून घ्यावा. 'कर्जदाराचे निधन झाले आहे, यापुढील पत्रव्यवहार लेखी करावा' एवढेच सांगावे. त्याला घरात घेण्याचे बंधन नाही. प्रत्येक दूरध्वनीची तारीख, वेळ आणि क्रमांक वहीत नोंदवून ठेवावा. तक्रार करताना हीच वही सर्वांत उपयोगी पडते.

पतसंस्था, सावकार आणि सातबारा

ग्रामीण भागात प्रश्नाचे स्वरूप वेगळे असते. विविध कार्यकारी सोसायटीच्या कर्जाचा बोजा सातबाऱ्यावर नोंदलेला असतो. तलाठ्याकडे वारस नोंद झाल्यानंतरही तो बोजा कायम राहतो. शेतजमिनीच्या तारणाला मात्र सिक्युरिटायझेशन कायदा लागू होत नाही. पतसंस्था सहसा महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खाली निबंधकांकडून वसुली दाखला मिळवतात. अशा प्रकरणाची नोटीस आल्यास दुर्लक्ष करू नये. सुनावणीला हजर राहून आपण केवळ वारस आहोत, जामीनदार नाही, आणि मालमत्ता अमुक इतकीच मिळाली आहे, असे लेखी म्हणणे द्यावे. एकदा दाखला निघाला की तो वसुलीसाठी अमलात आणता येतो.

खासगी सावकार दारात आल्यास प्रथम त्याचा परवाना विचारावा. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ नुसार विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे. मुद्दलापेक्षा अधिक व्याज वसूल करता येत नाही, हा 'दामदुपटी'चा जुना नियम या कायद्यातही टिकून आहे. ऋणकोचा पाठलाग करणे किंवा त्याच्या घराभोवती घुटमळून त्रास देणेही शिक्षेस पात्र ठरवले आहे. अवैध सावकारीतून बळकावलेली जमीन परत मिळण्यासाठी जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो.

मुदतीचे भान

विनातारण कर्जाच्या वसुलीसाठी दावा दाखल करण्याची मुदत १९६३ च्या मुदत कायद्यानुसार साधारणपणे ३ वर्षे असते. गहाण मालमत्तेसाठी ती १२ वर्षे आहे. मुदत संपण्यापूर्वी कर्जाची लेखी कबुली दिली, किंवा अंशतः रक्कम भरून तशी सही केली, तर मुदत नव्याने सुरू होऊ शकते. मुदत उलटून गेलेले कर्ज फेडण्याचे लेखी वचनही करार कायद्याने वैध ठरते. 'सध्या हजार रुपये तरी भरा' या आग्रहामागे पुष्कळदा हेच कारण असते.

मृत व्यक्तीच्या नावाने दावा दाखल करता येत नाही. तो वारसांना पक्षकार करूनच चालवावा लागतो. न्यायालयाचे समन्स आल्यास ते अवश्य स्वीकारावे आणि वकिलामार्फत उत्तर द्यावे, कारण गैरहजेरीत एकतर्फी हुकूमनामा होऊ शकतो. लोकअदालतीची नोटीस ही तडजोडीसाठी असते. तेथे जाण्यास हरकत नाही, परंतु तेथे झालेल्या तडजोडीविरुद्ध अपील करता येत नाही, हे ध्यानात ठेवूनच सही करावी.

दाद कोठे मागावी?

आधी बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत उत्तर न आल्यास किंवा ते असमाधानकारक असल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. त्यासाठी रिझर्व्ह बँकेचे तक्रार संकेतस्थळ आणि १४४४८ हा क्रमांक उपलब्ध आहे. पतसंस्थांविषयीच्या तक्रारी सहकार खात्याच्या निबंधकांकडे कराव्या लागतात. मारहाण, धमकी किंवा खंडणीचा प्रकार असेल, तर पोलिसांकडे तक्रार द्यावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत या गुन्ह्यांसाठी शिक्षा आहे. मोबाइल ॲपवरील कर्जापायी वडिलांच्या संपर्कयादीतील लोकांना बदनामीकारक संदेश जात असतील, तर सायबर गुन्ह्यांच्या १९३० या क्रमांकावरही माहिती द्यावी. वकिलाचा खर्च न परवडणाऱ्यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची मदत मिळू शकते. महिलांसाठी तर उत्पन्नाची अटही नाही. १५१०० या क्रमांकावर त्याची माहिती मिळते.

एवढे जाणून घेतल्यानंतरही एखाद्या मुलाला किंवा मुलीला वडिलांचे सर्व कर्ज स्वतःच्या पैशातून फेडावेसे वाटू शकते. गावातल्या दुकानदाराची उधारी, मित्राकडून अडचणीत घेतलेले हातउसने अशी काही देणी फेडल्याशिवाय मनाला स्वस्थता लाभत नाही. त्यात गैर काहीच नाही. मात्र हा निर्णय हिशेब पाहून, आईच्या उदरनिर्वाहाची तरतूद करून आणि शांत चित्ताने घेतलेला असावा. दारात उभ्या असलेल्या अनोळखी माणसाच्या आवाजाला घाबरून तो घेतला जाऊ नये. आलेल्या पहिल्या दूरध्वनीला 'निधनाचा दाखला पाठवतो, थकबाकीचा तपशील लेखी कळवा' एवढे उत्तर पुरेसे आहे. पुढचे सारे तो तपशील हाती आल्यावर ठरवता येते.